पाय धुऊ दे त्याला

तळेकरकाकांची वही माझ्याकडे आहे. शाळेत मिळते तसली, दोनशे पानी, रेघांची. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, आणि शेवटी नाव. लहान. मोठा. लहान. गाय. मधला. पानंच्या पानं नुसते बगळे. आमच्या ह्यांनी एकदा चाळली आणि म्हणाले, "हा माणूस वेडा होता की काय गं?" मी म्हटलं, होता. तुम्ही नाही ना झालात, मग गप बसा.

त्या वहीत एकच ओळ अर्धी आहे. 'पालीचे खडक, ओहोटी' इथपर्यंत लिहिलंय आणि नावाची जागा कोरी. ती कोरी का राहिली हे काका सोडून फक्त मला माहीत आहे, कारण त्या दिवशी त्यांच्या घरात मी कोंडलेली होते. आठ तास. तेही संकष्टीचा उपास असताना.

आमची बिल्डिंग भाईंदरला, इंद्रलोक भागातली. काका सहाव्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. मी घरी फॉल-पिकोचं काम करते, त्यामुळे बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका मला ठाऊक. पुरुष फारसे नाहीत. काका ठाऊक झाले ते एका साडीमुळे. काकींच्या साडीला फॉल लावून मी वर द्यायला गेले. साडी त्यांनी घेतली, उजेडाकडे धरली, काठावरनं अंगठा फिरवत गेले आणि एका जागी थांबले. "इथे एक टाका सुटलाय."

माझं डोकं फिरलं. बावीस वर्षं हे काम करतेय, कुणी असं तोंडावर बोललं नव्हतं. मी म्हटलं, "काका, फॉल आतल्या बाजूला असतो, कोण बघतंय?"

"मी बघितला ना आता," ते म्हणाले. राग नाही, काही नाही. नुसतं सांगितलं.

टाका सुटलेलाच होता. मी तिथेच दारात बसून घातला. तेव्हा कळलं की काका भाईंदरमधल्याच एका एक्स्पोर्टच्या गाळ्यात चेकर होते. तीस वर्षं पांढरे शर्ट तपासले. परदेशात जाणारा माल, सगळा पांढराच. "लोकांना वाटतं पांढरा म्हणजे एकच," ते सांगायचे. "अगं, एका ताग्यातला पांढरा दुसऱ्या ताग्याशी जुळत नाही. कॉलर एका पांढऱ्याची न् बाही दुसऱ्याची, असे शर्ट मी ढिगानं बाजूला काढलेत." निवृत्त होताना गाळेवाल्या शेठनं घड्याळ देऊ केलं, तर हे म्हणाले, घड्याळ नको, दुर्बीण द्या. शेठला वाटलं म्हातारा थट्टा करतोय.

दुर्बीण कशाला, ते त्यांच्या मागच्या खिडकीत उभं राहिलं की कळायचं. कंपाउंडची भिंत, भिंतीला लागून पाण्याचं डबकं, पुढे तिवरांची झाडी आणि तिच्या पलीकडे मिठागरं. खिडकीला बाहेर आलेलं ग्रिल. त्या ग्रिलमध्ये काकांनी एक स्टूल ठेवलेलं आणि सकाळपासून ते तिथे. खालून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी माणूस वाळत घातलाय.

आणि दाराला दोन्हीकडून किल्ली लागणारं कुलूप. आतून. किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून काकांच्या गळ्यात.

त्याचं असं झालं होतं. काकींची आठवण हळूहळू गेली. आधी नावं गेली, मग माणसं, मग स्वतःचं घर. एका दुपारी काकांचा डोळा लागला आणि काकी निघाल्या राजापूरला, माहेरी. अनवाणी. गोडदेवच्या बाजारात एका भांडीवाल्यानं त्यांना स्टुलावर बसवून ठेवलं होतं. काका शोधत पोचले तर तो म्हणाला, "अंकल, ये आंटी दो घंटे से राजापूर की बस पूछ रही है." त्या दिवसापासून कुलूप. बाया ठेवून पाहिल्या, पण परकं माणूस दिसलं की काकी किंचाळायच्या, एकीला तर चावल्या. मला का कोण जाणे चालवून घ्यायच्या. साडीचा काठ हातात दिला की तासभर गप बसायच्या. दूध, भाजी, औषधं, सगळं वॉचमन यादव वर आणून द्यायचा. काका स्वतः शेवटचे खाली कधी उतरले होते हे त्यांनाही सांगता यायचं नाही.

घरातल्या घरात त्यांचं चालणं बघण्यासारखं होतं. काकींना हॉलमधून मोरीपर्यंत न्यायचं तर काका पुढे, काकी मागे. दोन-तीन पावलं टाकायचे, थांबायचे, मान न वळवता उजवा हात मागे करायचे. काकींचा हात त्यात आला की पुन्हा दोन-तीन पावलं. एकटे पाणी प्यायला उठले तरी तसंच. थांबून हात मागे. सवय लागली होती.

त्यांना बगळ्याबद्दल काही विचारणं म्हणजे आपली दुपार गेली. मी एकदा विचारलं. "काका, बगळा तो बगळा. रोज काय लिहिता एवढं?"

"ये इकडे." मला स्टुलावर बसवलं. "तो गायीच्या पाठीशी फिरणारा बघ, आखूड मानेचा, हनुवटी फुगल्यासारखी. तो गाय बगळा. तो सोपा. आता तो पाण्यात उभा, काळी चोच, काळे पाय आणि पंजे मात्र पिवळे. तो लहान. पाण्यात एक पाय हलवतो, मासे उठवतो, हावरट आहे. तो उंच, मानेला गाठ पडल्यासारखा बाक, तो मोठा. त्याच्या तोंडाची रेघ डोळ्याच्या मागे जाते, मधल्याची डोळ्याखालीच संपते."

"इतक्या लांबून रेघ दिसते तुम्हाला?"

"नाही दिसली तर नाव लिहायचं नाही."

हेच त्यांचं एक होतं. नाही दिसलं तर नाही लिहायचं. अंदाजानं बोललेलं त्यांना खपायचं नाही. वरण खारट झालंय का विचारलं तरी दुसरा घास घेऊन मग सांगायचे.

मला पण मग नाद लागला, खोटं कशाला बोलू. एकदा श्रावणात गोडदेवला दोरा आणायला गेले होते, तर नाल्यात एक उभा. चोच काळी, पाय काळे, पंजेही काळे. मी लगेच फोनमध्ये फोटो काढला. काकांनीच सांगितलं होतं की एरवी मधल्याची चोच पिवळी, पण विणीच्या दिवसांत तीही काळी पडते. मग हा मधलाच! धावत सहावा मजला गाठला. लिफ्ट बंद होती, तरी गाठला.

काकांनी फोटो बोटांनी मोठा केला. मोठा केला, लहान केला. मग म्हणाले, "पाय धुतले का त्यानं?"

"काय?"

"नाल्यातला चिखल काळाच असतो, शैला. पंजे चिखलात बुडालेत. बाहेर काढून पाण्यात खळबळेपर्यंत थांबायचं. पाय धुऊ दे त्याला, मग नाव घे."

मी फणकारले, "अहो, मी काय त्याला मोरीत नेऊ?" पण दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले. पाऊण तास नाल्यावर उभी. दुकानदार विचारायला लागला, "भाभी, कुछ गिर गया क्या?" शेवटी त्या महाराजांनी पाय उचलला, साफ पाण्यात ठेवला, पुन्हा उचलला. पिवळाधमक पंजा! लहानच निघाला. वर जाऊन सांगितलं, तर काका हसले सुद्धा नाहीत. वहीत लिहून घेतलं आणि पुढे माझं नाव घातलं.

काकींनाही ते सगळं सांगायचे. काकी खाटेवर, हे खिडकीत. "आला बघ गं. मोठा वाटतोय. थांब, मान फिरवू दे." काकी छताकडे बघत. मला वाटायचं, भिंतीशी बोलतोय बिचारा.

चौघांची ओळख पटली होती, राहिला होता पाचवा. समुद्री बगळा. तो जातीनं राखाडी, खडकाच्या रंगाचा. तसा राखाडी मिठागरातही कधी यायचा, तो वहीत होता. पण त्यातच एखादा पांढरा निघतो, आणि पांढरा निघाला की थेट लहान बगळ्यासारखा दिसतो. फरक काय, तर चोच थोडी जाड, पिवळट, पंजाचा पिवळा पायावर वरपर्यंत चढलेला, आणि चाल. लहान एका जागी पाय हलवतो, हा वाकून धावतो, थबकतो, परत धावतो. "कितीदा वाटतं की समोर तोच आहे," काका म्हणायचे. "पण सहाव्या मजल्यावरून वाटण्याला काय अर्थ? पालीला, समुद्रातल्या खडकांवर जाऊन जवळून बघायला हवा. एकदाच."

पाली म्हणजे काय काशी आहे? भाईंदर वेस्टला जाऊन उत्तनची बस, पुढे थोडं. आमच्या दारातली जागा. पण दाराला कुलूप होतं ना.

मग नागपूरहून त्यांच्या मुलीचा, नीताचा फोन आला. दोघांना तिकडे न्यायचं ठरलं. तिचंही बरोबर होतं, लांबून जीव टांगणीला. काका मला एवढंच म्हणाले, "नागपूरला समुद्र नाही गं." आणि किल्लीचा दोरा बोटाला गुंडाळत बसले. मला ते बघवेना. मी म्हटलं, "मी बसते काकींजवळ. तुम्ही जाऊन या पालीला."

आठ दिवस नाही-नाही करत होते. मग कॅलेंडर काढलं. चतुर्थीला साडेनऊच्या सुमाराला ओहोटी. सकाळी साडेसातला निघायचं, बाराला परत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, दुर्बीण, वही, डब्यात पोहे. काकींना सांगितलं, "येतो गं." काकींनी बघितलंही नाही. काका गेले, मी चहा ठेवला.

नऊ वाजता यादव भाजी घेऊन आला, बेल वाजवली. मी दार ओढलं. उघडेना. पुन्हा ओढलं. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्या माणसानं सवयीनं बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात घालून गेला!

फोन केला तर फोन फ्रिजवर वाजला. यादव बाहेरून म्हणाला, "चाबीवाले को बुलाता हूँ भाभी." चावीवाला आला, ठोकायला लागला आणि काकी जे किंचाळायला लागल्या, कानांवर हात दाबून थरथरायला लागल्या, की मीच ओरडले, "रहने दो! बंद करो!" बारा वाजतीलच की, म्हटलं. येतील.

बारा वाजले. एक वाजला. पोटात काही नाही, साबुदाणा खाली माझ्या घरी भिजलेला. काकींना भात भरवला. काकी मला आई म्हणत होत्या, मग कोण गं तू म्हणत होत्या, मग दाराशी जाऊन कडी हलवत होत्या. "राजापूरची गाडी सुटंल." त्यांना ओढून आणायचं, बसवायचं. पाच मिनिटांनी पुन्हा दार. मी चार तासांत रडकुंडीला आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गेट दिसायचं, तिथे जाऊन बघायचे, परत यायचे. तोपर्यंत त्या घरात मी शंभरदा गेले असेन, पण दार उघडून बाहेर पडता येतं म्हणूनच आपण आत नीट बसतो, हे मला तेव्हा कळलं. आणि हा माणूस चार वर्षं तिथे होता.

दोनच्या सुमाराला मनात आलं, ते येणारच नाहीत. का यावं? मी असते तर आले असते का? स्वतःची लाज वाटली, पण विचार आला तो आला.

काही सुचेना म्हणून काकींना हाताला धरून मागच्या खिडकीत नेलं. डबक्याच्या कडेला एक बगळा उभा होता, पाय चिखलात. मी उगाच, त्यांना गुंतवायला म्हणून म्हटलं, "काकी, तो बघा लहान बगळा."

काकींनी ग्रिलला तोंड लावलं. बराच वेळ बघितलं. आणि चांगल्या खणखणीत आवाजात मला म्हणाल्या, "थांब गो. पाय धुऊ दे त्याला."

पोटच्या पोरीचं नाव गेलं होतं त्यांचं, आणि हे राहिलं होतं! मी त्यांना जवळ घेतलं आणि दोघी तशाच उभ्या राहिलो, तो पाय उचलेपर्यंत.

साडेतीनला कुलूप वाजलं. काका दारात. गुडघ्यापर्यंत चिखल, शर्ट घामानं चिकटलेला. मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते आता लिहिणार नाही. त्यांचा हात गळ्याकडे गेला. "शैला, मी बाहेरून कुलूप लावलं?" म्हणाले आणि चपला घालायच्या पाटावरच बसले.

पाणी दिलं. मग हळूहळू सांगायला लागले. पालीला पोचल्या-पोचल्याच दिसला होता. खडकांच्या मधल्या चिखलात, पांढरा. चोच जाड, पिवळट. वाकून धावला, थबकला. सगळं जुळत होतं, पण पाय चिखलानं माखलेले. मासळी सुकवणारी एक बाई त्यांच्याकडे बघत होती. म्हणाली, "बाबा, काय शोधतास? बगला हाय तो. ह्यात बघायसारखा काय न्हाय." काका वाट बघत राहिले, तो कधी पाण्यात उतरतो. पाणी चढायला लागलं आणि तो उडाला, लांब खडकावर गेला. गेला तो गेला.

"किती वाजता?"

"अकरा वाजले असतील."

"आणि मग साडेतीनपर्यंत काय करत होतात?"

काका पायावरचा चिखल नखानं खरवडायला लागले. काकी आत खाटेवर काहीतरी पुटपुटत होत्या. "बसस्टॉपवर बसलो होतो," ते म्हणाले. "बसेस येत होत्या. सहा सोडल्या. पाय निघेना. परत यावंसंच वाटेना, शैला." आणि रडले. सत्तरीचा माणूस, चिखलाचे पाय पाटावर घेऊन, हुंदके देऊन. मलाही रडू आलं, पण माझा राग गेला नव्हता; दोन्ही एकदम होतं.

वहीत त्यांनी त्याच संध्याकाळी तेवढी अर्धी ओळ लिहिली. मी म्हटलं, "समुद्री म्हणून लिहून टाका की. सगळं जुळतंय. कोण तपासणार आहे?"

"मी," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी डुप्लिकेट किल्ली करून माझ्याकडे दिली. पुढच्या चतुर्थीला मी पुन्हा म्हटलं, जा. त्यांनी मान हलवली. "एकदा आलो परत. दुसऱ्यांदा येईनच असं मला सांगता येत नाही. आणि जे सांगता येत नाही ते..." वाक्य पुरं केलं नाही. नागपूरचंही लांबलं, कारण काकींनी अंथरूण धरलं. कुलूप मात्र तसंच राहिलं. उठता न येणाऱ्या बाईसाठी कुलूप कशाला, असं मी एकदाच विचारलं. पुन्हा नाही विचारलं.

होळीच्या सुमाराला काकी गेल्या. झोपेत, त्रास न होता. नीता आली, दिवसवार झाले, सामानाची बांधाबांध झाली. काका नागपूरला निघाले तेव्हा मी लग्नाला गावी होते, त्यामुळे त्यांचं जाणं मी पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांत आहेत ते त्याच्या दोन दिवस आधीचे.

सकाळची वेळ. नीता बँकेत गेलेली. मी वर गेले तर दार सताड उघडं. त्या घराचं दार कुणी येणारं-जाणारं नसताना असं उघडं मी पहिल्यांदाच पाहिलं. काका मागच्या खिडकीत, स्टुलावर, पाठमोरे. भिंतीवर काकींचा फोटो, हार ताजा. वही आणि दुर्बीण खिडकीत ठेवलेली, पण काका बगळे बघत नव्हते.

मी म्हटलं, "काका, पंचमी आहे. दहाला ओहोटी. खाली रिक्षा उभी आहे, चला उठा. पालीला जाऊन या."

ते उठले. कपडे झटकले, शर्टाची बटणं बघितली. दारापर्यंत गेले. आणि वळून मला म्हणाले, "पण हिच्यापाशी कोण बसेल?"

बोलल्यावर त्यांना कळलं. चेहरा असा पडला की मला बघवेना. हात गळ्याकडे गेला, किल्ली मुठीत धरली, आणि ते परत स्टुलाकडे यायला निघाले.

"मी बसते," मी म्हटलं.

ते थांबले.

"मी बसते काकींपाशी. तुम्ही जा." मी खाटेच्या कडेला बसले सुद्धा, फोटोसमोर. "आणि घाई करू नका."

काका माझ्याकडे बघत राहिले. दुसरा घास घेऊन सांगावं तसं त्यांनी ते तपासून घेतलं असावं. मग फोटोकडे बघून म्हणाले, "येतो गं," आणि बाहेर पडले. दार ओढून घेतलं. आणि बाहेर कुलूप फिरल्याचा आवाज आला.

माझ्याकडची किल्ली खाली माझ्या घरात, फ्रिजवर. मला हाक मारता आली असती, ते लिफ्टपाशीच होते. मी मारली नाही.

मग बघितलं तर दुर्बीण खिडकीतच राहिलेली. वहीही. मी दुर्बीण उचलली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. खाली गेटापाशी कामाला जाणाऱ्यांची गर्दी होती, पांढऱ्या शर्टातलेच पाच-सहा जण, वरून सगळ्यांची डोकी सारखी. कुठला आपला ते कळेना. मी घाई केली नाही, चालू दिलं त्यांना. तेव्हा त्यातला एक जण दोन-तीन पावलं गेला, थांबला, आणि मान न वळवता त्यानं उजवा हात मागे केला.